हार, गजरा आणि गुच्छ

आपल्याकडे समीक्षा कशाची होत नाही? नाटकाची होते, मैफलीची होते, चित्रप्रदर्शनाची होते. अलीकडे तर मिसळीचीही होते. आणि ती लिहिणारे लोक तर्रीच्या रंगाविषयी ज्या बारकाईने लिहितात ती पाहून एखाद्या कादंबरीकाराला त्यांचा हेवा वाटावा. पण वर्षभर गावोगाव जे समारंभ होतात आणि त्यांत एका हातातून दुसऱ्या हातात जी फुले जातात, त्यांच्याविषयी कोणी चिकित्सेने चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. वर्तमानपत्रात येते ते एवढेच, की पाहुण्यांचे स्वागत 'पुष्पगुच्छ देऊन करण्यात आले.' गुच्छ कसला होता, गुच्छच का दिला, हार का नाही, पाहुण्यांनी त्याचे पुढे काय केले, हे विचारण्याची पद्धत नाही.

ती असावी असे मला वाटते. मी शिक्षिका आहे, आणि आमच्या पेशात फुले देण्याघेण्याचे प्रसंग इतरांपेक्षा जरा जास्तच येतात. १९६२ पासून पाच सप्टेंबरला शिक्षकदिन असतो. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. स्नेहसंमेलन, दहावीच्या मुलांचा निरोप, कोणाची सेवानिवृत्ती, कोणाची बदली. प्रत्येक प्रसंगी फुले लागतात आणि ती कोणत्या प्रकारची असावीत हे कोणीतरी ठरवावे लागते. हा निर्णय बहुधा पैशांवर किंवा सवयीवर होतो. माझे म्हणणे असे, की तो रसिकतेचा निर्णय आहे. आणि थोडे खोल गेले तर तो नुसत्या रसिकतेचाही राहत नाही.

कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे तीत 'माल्यग्रथनविकल्प' नावाची एक कला आहे. माळा गुंफण्याचे निरनिराळे प्रकार जाणणे, असा तिचा अर्थ. पण यादी तेथे थांबत नाही. 'शेखरकापीडयोजन', म्हणजे मस्तकावर धारण करायच्या फुलांची योजना, ही तीत स्वतंत्र कला मानली आहे. 'पुष्पास्तरण', म्हणजे फुले अंथरणे, ही आणखी निराळी. ज्याने ही वाटणी केली त्याला फूल कोणते यापेक्षा ते कोठे जाणार याचे महत्त्व अधिक वाटले, हे उघड आहे. गळ्यात जाणारी फुले, मस्तकावर जाणारी फुले आणि भुईवर अंथरायची फुले यांचे शास्त्र एक असू शकत नाही, हे त्याने ओळखले होते.

आपल्या मराठीतले शब्द घेतले तरी हेच दिसते. हार म्हटला की गळा आला. गजरा आणि वेणी म्हटली की अंबाडा किंवा शेपटा आला. तुरा पागोट्यात खोवायचा, मुंडावळ्या कपाळाला बांधायच्या, तोरण दाराला लावायचे, फुलपुडी देव्हाऱ्यापाशी सोडायची. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात तेव्हा बाजूबंदापासून कमरपट्ट्यापर्यंतचा प्रत्येक दागिना आपली जागा ठरवूनच गुंफलेला असतो. पुष्पचक्रालासुद्धा जागा आहे. ती कोणाला हवीशी नसली तरी आहे. या सगळ्या कुटुंबात गुच्छ हा एकच असा, की ज्याच्या नावात जागा नाही. गुच्छ म्हणजे झुबका. तो हातात द्यायचा हे खरे; पण हात ही फुलांची जागा नव्हे, तो रस्ता आहे. हातातून पुढे ती कोठे जाणार, हे त्या शब्दाला ठाऊक नाही. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे.

कलावादी रसिक येथे मला अडवील. तो म्हणेल, फुलांची रचना ही रचना म्हणून पाहा. ती पुढे कोठे गेली याच्याशी सौंदर्याचा काय संबंध? मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीचे जे तीन नियम मांडले, ते संवाद, विरोध आणि समतोल, पुष्परचनेला सहज लावता येतात. आणि लावून पाहिले तर गुच्छाची बाजू लंगडी पडत नाही. चांगल्या कारागिराने बांधलेला गुच्छ घ्या. त्यात जरबेराची भरीव वर्तुळे असतात, निशिगंधाचे उभे दांडे असतात, मध्ये कोठेतरी हिरव्या पानांची उसंत असते. वर्तुळाशी रेषेचा विरोध, एका रंगाच्या दोन छटांचा संवाद, आणि साऱ्याचा तोल सांभाळणारा देठांचा जुडगा. याच्या शेजारी झेंडूचा हार ठेवला तर तो काय, एकच एक फूल शंभरदा ओवलेले. पाढे म्हणावेत तसे. नियम लावून गुण द्यायचे झाले तर मी गुच्छाला हाराहून अधिक गुण देईन आणि वेणीला दोघांहूनही अधिक. कारण अबोलीच्या केशरी रांगेत मध्येच पांढरी शेवंती बसवणारी बाई विरोध आणि समतोल ही दोन्ही तत्त्वे कोणाचे पुस्तक न वाचता पाळत असते.

हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा शिल्लक राहतो. रचना ही पाहायची वस्तू आहे, भेट ही पोचायची वस्तू आहे. ज्या जपानात पुष्परचनेची कला शास्त्राला पोचली, तेथेसुद्धा इकेबाना मांडायची ती घरातल्या एका ठरलेल्या कोनाड्यात, ज्याला ते तोकोनोमा म्हणतात. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याची एक गोष्ट सांगतात. त्याच्या बागेतल्या प्रभातवेलीच्या फुलांची कीर्ती ऐकून हिदेयोशी हा सत्ताधीश ती पाहायला आला. पाहतो तो बागेत एकही फूल नाही. सगळी खुडून टाकलेली. रागावून तो आत गेला, तर कोनाड्यात एकच फूल ठेवलेले होते. ही गोष्ट सांगणारे एका फुलाचे कौतुक करतात. माझे लक्ष कोनाड्याकडे जाते. ते एक फूल हिदेयोशीच्या हातात ठेवले असते तर त्याने त्याचे काय केले असते? शुद्ध कलेलाही जागा लागते. मग भेटीला ती किती लागत असेल!

तेव्हा आपली कसोटी अशी ठरवू : संध्याकाळी हे फूल कोठे असेल? या कसोटीवर आपले तीन प्रमुख प्रकार एकेक करून पाहू.

प्रथम हार. हाराची गंमत अशी, की तो घेणाऱ्याला काहीच करू देत नाही. गुच्छ घ्यायला हात पुढे करावा लागतो. हार घालून घ्यायला मान वाकवावी लागते आणि मूर्तीसारखे उभे राहावे लागते. हे देवाला शोभते, कारण देव मूळचाच उभा असतो. नवरानवरीलाही शोभते, कारण ती दोघे एकमेकांपुढे आळीपाळीने वाकतात आणि हिशेब फिटतो. पण सभेतल्या सत्काराच्या हाराचे काय होते ते आपण नेहमी पाहतो : गळ्यात पडतो न पडतो तोच पाहुणे तो काढून टेबलावर ठेवतात. घातलेला हार काढून ठेवणे ही आता शिष्टाचाराचीच एक पायरी झाली आहे. ज्या भेटीचा पहिला उपयोग ती दूर करणे हा असतो, ती चुकीच्या गळ्यात पडली असे म्हणावे लागते.

विष्णुपुराणातली दुर्वासाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. दुर्वासाने एका विद्याधरीपाशी दिव्य फुलांची माळ पाहिली, ती मागून घेतली आणि पुढे ऐरावतावर बसून येणाऱ्या इंद्राला दिली. इंद्राने ती हत्तीच्या मस्तकावर ठेवली. हत्तीने सोंडेने हुंगली आणि भुईवर टाकली. दुर्वासाने शाप दिला, त्रैलोक्याची श्री गेली आणि ती परत आणण्यासाठी समुद्रमंथन करावे लागले. कथेचा रोख इंद्राच्या उन्मत्तपणावर आहे आणि तो रास्तही आहे. परंतु देणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. स्वारीवर निघालेल्या, अलंकारांनी लदलेल्या राजाला वाटेत गाठून माळ दिली, तर तिला जागा कोठे होती? हत्तीचे मस्तक ही त्यातल्या त्यात सापडलेली जागा होती. आज पुढाऱ्यांना क्रेनने उचलून जे हार घालतात, ज्यांच्या आत दहा माणसे सहज उभी राहतील, ते पाहिले की मला ऐरावत आठवतो. त्या हाराचे माप गळ्याचे नसतेच. ते छायाचित्राच्या चौकटीचे असते.

आणि चौकटीचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगायला हवे, की हाराला आपल्याकडे एक दुसरी जागा आहे. ती म्हणजे दिवंगत माणसाची तसबीर. घरात भिंतीवर हार दिसला की पाहुणा आवाज खाली आणतो. तीच फुले, तोच दोरा. चौकट बदलली की अर्थ फिरतो. म्हणून सेवानिवृत्त होणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार घालताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. त्याच्या हयातीतच त्याला भिंतीवर चढवल्यासारखे ते दिसते. हार तसबिरीला द्यावा. सावित्रीबाईंच्या, बाबासाहेबांच्या प्रतिमेला मुलांनी हार घालावा. तेथे तो संध्याकाळीही त्याच जागी असतो, दुसऱ्या दिवशी सुकतो तोही त्याच जागी, आणि सुकलेला हार उतरवताना मुलाला प्रतिमा पुसावी लागते. एवढे साधले तरी हाराचे काम झाले.

आता गजरा. गोव्यात जिला फाती म्हणतात, ती याचीच बहीण. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच खुडतात. दुपारी त्या गुंफल्या जातात. आणि त्या फुलतात ते संध्याकाळी, केसांत. म्हणजे देणारा माणूस वास देतच नाही, तो वासाचे वचन देतो. पूर्तता घेणाऱ्याच्या अंगावर होते. बाजारात बसलेल्या गजरेवालीची बोटे पाहावीत. सुई नसते, पायाच्या अंगठ्याला किंवा एखाद्या खिळ्याला दोरा अडकवून ती दोन दोन कळ्यांना गाठ घालत जाते, आणि गाठ इतकी सैल की देठ तुटत नाही, इतकी घट्ट की कळी गळत नाही. केळीच्या सोपाचा दोरा असेल तर तो ओला ठेवावा लागतो. हे कसब आहे. पण त्या कसबाची नजर जिच्या केसांत गजरा जाणार तिच्या चालण्या-वळण्यावर असते. गजरा उतरवल्यावरही संपत नाही. उशाशी ठेवला तर रात्रभर राहतो. बकुळीचा असेल तर सुकून तपकिरी झाल्यावरही कपड्यांच्या घडीत वास देत राहतो. आमच्या कसोटीला याहून चांगले उत्तर कोणी देऊ शकत नाही.

वासाची भेट ही किती दूरवर पोचते याचा दाखला 'मृच्छकटिका'त आहे. शूद्रकाच्या या नाटकात, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर घरोघरी पोचवले, चारुदत्ताला एका मित्राने जाईच्या फुलांनी सुवासित केलेला शेला पाठवलेला असतो. पहिल्या अंकात तो वसंतसेनेच्या हाती लागतो आणि वासावरून ती ओळखते, की दारिद्र्य आले तरी या माणसाचे तारुण्य विरक्त झालेले नाही. दुसऱ्या अंकात कर्णपूरक माजलेल्या हत्तीपासून एका भिक्षूला वाचवतो. चारुदत्त बक्षीस द्यायला अंगावरचे दागिने चाचपतो, एकही सापडत नाही, म्हणून निःश्वास टाकून हाच शेला त्याच्यावर टाकतो. आणि कर्णपूरकाकडून तो वसंतसेनेकडे येतो. ती आनंदाने तो पांघरते. फूल एकही नाही. फुलांची भेट मात्र तीन माणसांच्या अंगावरून फिरून जिला मिळायला हवी होती तिला मिळते. इंद्राची माळ आणि चारुदत्ताचा शेला या दोन कथा शेजारी ठेवल्या की फुलांच्या भेटीचे अर्धे अधिक शास्त्र हाती येते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठरले तर मग. गजरा पहिला, हार दुसरा, गुच्छ अगदी शेवटचा. लेख येथे संपला असता तर मलाही बरे वाटले असते. पण गजऱ्याच्या ज्या गुणाचे मी आतापर्यंत गोडवे गायले, त्याच गुणात एक काटा आहे. गजरा आपली जागा ठरवून येतो. म्हणूनच तो देण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न असा : बाई, तुमचे कुंकू आहे ना?

एका शाळेत आठ मार्चला महिलादिन होता. सगळ्या शिक्षिकांसाठी आणि शिपाईबाईंसाठी गजरे आणले होते. सातवीतली एक मुलगी तबक घेऊन फिरत होती. रांगेच्या शेवटी शाळेच्या शिपाईबाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगी त्यांच्यापुढे आली आणि थांबली. तिला कोणी काही शिकवले नव्हते. तरी ती थांबली आणि तिने वळून व्यासपीठाकडे पाहिले. व्यासपीठावरून कोणीतरी पटकन प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक गुलाब पुढे केला. तो मुलीने मावशींना दिला. मावशी म्हणाल्या, "असू दे गं पोरी, छान आहे." मग त्यांनी तो गुलाब पाण्याच्या खोलीच्या खिडकीच्या गजांत खोवला आणि पाहुण्यांसाठी पेले विसळायला घेतले.

या प्रसंगाचे परीक्षण कसे करायचे? रचनेचे नियम येथे मुके होतात. गुलाब गजऱ्याहून महाग होता; दिसायलाही डौलदार होता. जागेच्या कसोटीवर तर त्याला खिडकीचे गज मिळाले, म्हणजे नाही म्हणायला जागाही मिळाली. तरीही तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळले होते, की सगळ्यांना जे दिले ते एकीला दिले नाही. त्या गुलाबाने लाज राखली ती मावशींची नव्हे, देणाऱ्यांची. आणि सातवीतल्या मुलीने त्या दिवशी जे शिकून घेतले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून पक्के झाले असणार.

म्हणून गुच्छाकडे पुन्हा नव्याने पाहावे लागते. त्याच्या नावात जागा नाही हा मी त्याचा दोष म्हणून सांगितला. पण ज्या समाजात जागा आधीच वाटून ठेवलेल्या असतात, कोणाच्या केसांत फूल शोभते आणि कोणाच्या नाही हे नवऱ्याच्या श्वासावर ठरते, तेथे जागा नसणे हा गुणही असू शकतो. गुच्छ पुरुषाला देता येतो, बाईला देता येतो, सवाष्णीला देता येतो, विधवेला देता येतो, परित्यक्तेला देता येतो, जिने लग्नच केले नाही तिलाही देता येतो. तो कोणाला काही विचारत नाही. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणे जात नाही, त्यांच्याही हातात व्यासपीठावर गुच्छ येतो. आपल्यातले पुष्कळ रसिक गुच्छाला बेगडी, निर्गंध, साहेबी म्हणून नाके मुरडतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्या निर्गंध वस्तूने आपल्या सुगंधी वस्तूंपेक्षा एक दार अधिक उघडले आहे.

फुलांचा आणि या प्रश्नाचा संबंध आपल्याकडे जुना आहे. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. म्हणजे हार-गजऱ्यांच्याच व्यवसायातले ते घर. त्याच घरातल्या सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला 'काव्यफुले' असे नाव दिले. आणि त्याच घराने १८६३ मध्ये, फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा मिळावा म्हणून बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्यांच्या पूर्वजांनी दरबारासाठी माळा गुंफल्या, त्यांनी जिच्या माथ्यावर फूल चढण्याची बंदी होती तिला आपल्या घरात घेतले. मला हा योगायोग वाटत नाही. फूल कोणाकडे जाते आणि कोणाकडे जात नाही हे फुलवाल्याइतके दुसऱ्या कोणाला दिसते?

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे गेली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. ठराव चांगला आहे आणि तो गावाने आपण होऊन केला हे अधिक चांगले आहे. पण ठराव काय करू नये ते सांगू शकतो. काय द्यावे ते सांगू शकत नाही. ते तबक घेऊन फिरणाऱ्याने ठरवायचे असते.

गुच्छाची एवढी बाजू घेतल्यावर त्याचे खरे दोष सांगायचा अधिकार मला आहे असे मी समजते. तो परदेशी आहे हा दोष नव्हे. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. आणि ज्या निशिगंधाला आपण गुलछडी म्हणून घरचे केले, तोही तिकडचाच. शे-दोनशे वर्षांनी जरबेराही कदाचित कोणा देवीच्या आवडीचे फूल ठरेल. त्याला वास नाही हाही मोठा दोष नव्हे. अबोलीला तरी कोठे वास असतो? दोष आहे तो वेष्टनाचा. चकाकणारा कागद, जाळी, फितीचे बो, आणि टोपलीवजा गुच्छांत तळाशी असलेली ती हिरवी वीट. 'ओअॅसिस' या नावाने ती १९५४ मध्ये अमेरिकेत निघाली. ती पाणी धरून ठेवते आणि तीत देठ खुपसला की फूल सांगाल त्या कोनात उभे राहते. कारागिराची सोय झाली. पण फुले सुकून गेली तरी वीट कुजत नाही, तिचा फक्त भुगा होतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तिला मज्जाव केला, तो याच कारणाने. आपली कसोटी येथे पुन्हा उपयोगी पडते. संध्याकाळी फूल कोठे असेल याबरोबर वीट कोठे असेल हेही विचारावे लागते.

गुच्छाला कंटाळलेल्या लोकांनी गेल्या काही वर्षांत एक घोषणा काढली आहे : 'बुके नको, बुक द्या.' कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने या घोषणेवर खूष व्हावे अशी अपेक्षा असते. मी तितकीशी खूष नाही. फुलांऐवजी पुस्तक दिल्याने जागेचा प्रश्न सुटत नाही, तो कपाटात सरकतो. सत्कारात मिळालेली आणि पुन्हा कोणाच्या सत्कारात गेलेली पुस्तके मी पाहिली आहेत. पहिल्या पानावरचे नाव खोडून त्याखाली दुसरे घातलेले असते. फूल निदान असे फिरत नाही. दुसऱ्या दिवशी ते खरे बोलते. पुस्तक देणाऱ्यानेही तोच प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे, की हे त्या माणसाच्या घरात कोठे राहील आणि कोण उघडील. तो विचारला असेल तर बुक द्यावे, बुकेही द्यावा. विचारला नसेल तर दोन्हीही सारखीच निर्गंध.

मग निवड कशी करावी? नियम करण्याचा मोह मी टाळते, पण काही गोष्टी अनुभवाने सांगता येतात. आजाऱ्याला भेटायला जाताना मोठा गुच्छ नेऊ नये. अतिदक्षता विभागात फुले बहुधा येऊच देत नाहीत, आणि साध्या खोलीतही तो औषधांच्या बाटल्यांची जागा अडवतो. त्याला वाटीत राहतील एवढी सोनचाफ्याची दोन फुले पुष्कळ होतात. सेवानिवृत्त होणाऱ्या माणसाला हार घालण्याऐवजी त्याच्या घरच्या देव्हाऱ्याला महिनाभर रोजची फुलपुडी लावून द्यावी. सकाळी कडीला अडकवलेली पुडी सोडवताना शाळेची आठवण एकदा तरी होईल, आणि तो देव मानणारा नसेल तर घरातले कोणी ना कोणी ती पाण्यात घालील. बाहेरगावच्या पाहुण्याला, ज्याला रात्रीची गाडी गाठायची आहे, एक फूल द्यावे आणि ते कोटाला लावून द्यावे. मुलांना तर सुटी फुले द्यावीत. त्यांचे काय करायचे ते त्यांना आपल्याहून चांगले कळते.

गजऱ्यांच्या बाबतीत मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलेली रीत मला आवडली. तेथे तबक फिरत नव्हते. दारापाशी परडीत गजरे ठेवलेले होते आणि येणारी प्रत्येकजण आपल्या हाताने उचलत होती. कोणी केसांत माळला, कोणी मनगटाला गुंडाळला. एका पांढऱ्या केसांच्या आजींनी दोन उचलले. एक नातीसाठी म्हणून पिशवीत टाकला आणि दुसरा, पुढचा तासभर चाललेले भाषण ऐकताना, ओंजळीत धरून ठेवला. तो त्यांनी घरी जाऊन कोठे ठेवला, हे मला ठाऊक नाही. ते कोणी विचारायचेही नसते. पण गजऱ्याच्या आतला काटा तेथे काढलेला होता, आणि त्यासाठी ना महाग फूल लागले, ना नवी रचना. द्यायच्या रीतीत एवढाच फेर, की जागा ठरवण्याचा हक्क देणाऱ्याने सोडून घेणाऱ्याच्या हाती दिला होता. माझ्या मते फुलांच्या भेटीतली खरी कारागिरी ही आहे. गुच्छाचे औदार्य आणि गजऱ्याची जवळीक ही दोन्ही त्या परडीत एकत्र आली होती.

जेथे परडी ठेवणे जमत नसेल, तबकच फिरवायचे असेल, तेथे ते ज्या मुलीच्या हाती द्यायचे तिला आधीच सांगून ठेवावे, की रांगेत कोणापुढेही थांबायचे नाही. गजरे मोजून एक जास्त आणावा. विधवेला गजरा द्यावा, इतरांना देतो तसाच द्यावा. आणि तिने तो माळला की नुसता हातात धरला, हे पाहत उभे राहू नये.